हौदांतील शिकारी मासा आणि त्याच्या शेजारीं टिकणाऱ्या पाणवनस्पती

बागाईत शेतकऱ्याच्या घरीं पाण्याचा हौद ही कांहीं नवी वस्तु नव्हे. मोटेच्या काळीं तो थारोळ्याशेजारीं असे, आतां पंपाच्या खोलीजवळ असतो, एवढाच काय तो फरक. अलीकडे मात्र त्या हौदाकडे तरुण मंडळी निराळ्या नजरेनें पाहूं लागली आहेत. शोभेचे मासे पाळण्याचा नाद शहरांतून खेड्यांत आला आहे, आणि त्यांतही मोठ्या, मिशाळ, शिकारी माशांची हौस विशेष दिसते. दुसऱ्या बाजूनें, ज्यांच्या शेततळ्यांत कटला-रोहूचें बीज सोडावयाचें असतें, त्यांना तळें झाडतांना एखादा दांडगा शिवडा हातीं लागतो. तो मारावा कीं पाळावा, असा प्रश्न पडतो, आणि घरांतील मुलें तो हौदांत ठेवण्याचा हट्ट धरतात.

मासा हौदांत आला कीं लागलीच दुसरा विचार सुचतो, तो म्हणजे हौदांत हिरवळ असावी. येथेंच बहुतेकांची फसगत होते. दुकानांतून नाजूक पानांचीं रोपें आणावींत, वाळूंत रोवावींत आणि सकाळीं उठून पाहावें तों सगळीं पाण्यावर तरंगत असावींत, हा अनुभव सार्वत्रिक आहे. पुनः पैसे घालावे, पुनः तेंच. अशा वेळीं दोष माशाचाही नसतो व रोपाचाही नसतो. दोष निवडीचा असतो. ज्या जमिनींत जें पीक येतें तेंच तेथें घ्यावें, हा धडा शेतकऱ्यास कोणी शिकवावा असें नाहीं. तोच न्याय हौदास कसा लावावा, हें सांगण्याचा आमचा या लेखांत हेतु आहे.

मासा कोणता, हें आधीं ठरवा

बाजारांत सर्वांत अधिक विकला जाणारा मोठा शिकारी मासा म्हणजे तांबड्या शेपटीचा ‘रेडटेल कॅटफिश’. हा दक्षिण अमेरिकेंतील ॲमेझॉन व ओरिनोको या नद्यांच्या खोऱ्यांतला. दुकानांत त्याचें बोटाएवढें पिल्लू मिळतें, काळ्या पाठीचें, पांढऱ्या पोटाचें व मोठें देखणें. पण हें पिल्लू दोन वर्षांत हातभर होतें, आणि पूर्ण वाढलेला मासा चार फुटांपर्यंत जाऊं शकतो. त्याचें आयुष्य पंधरा वर्षांहूनही अधिक असतें. मायदेशीं पुराच्या दिवसांत अरण्यांत पाणी शिरलें म्हणजे तो पाण्यांत पडलेलीं फळेंही खातो. तथापि तोंडांत मावेल तो मासा गिळणें हाच त्याचा मुख्य धंदा.

दुसरा आपला देशी शिवडा, शास्त्रीय नांव वॅलॅगो अट्टू. याचें शरीर चपटें व लांब, पोटाखालचा पर लांबलचक, आणि जबडा डोळ्याच्याही मागें पोंचणारा. मिशांच्या दोन जोड्या, त्यांतील वरची जोडी फारच लांब. तो तीन फुटांहून अधिक वाढतो. त्यास संथ, खोल पाणी, गाळाचा तळ व कांठची गवताळ सावली आवडते. दिवसा तो कपारींत किंवा बिळांत पडून राहतो. नद्यांतून या माशाची संख्या घटत चालली आहे, आणि आंतरराष्ट्रीय निसर्ग संरक्षण संघानें आपल्या यादींत त्याची गणना ‘असुरक्षित’ जातींत केली आहे. सबब हौसेखातर नदींतून शिवडा धरून आणूं नये. परंतु मत्स्यबीज सोडण्यापूर्वीं तळ्यांतून जो वेंचून काढणें भागच असतें, तो मारण्याऐवजीं हौदांत ठेवला, तर त्यांत गैर कांहीं नाहीं.

थाई मागूर नांवाचा आफ्रिकी मासा मात्र कोणी कितीही स्वस्त दिला तरी घेऊं नये. सन २००० पासून त्याच्या पैदाशीवर आपल्या देशांत बंदी आहे, आणि एका पावसांत तो हौदांतून ओढ्यांत गेला म्हणजे परत येत नाहीं.

हवामानाचाही विचार हवा. ॲमेझॉनचा मासा उष्ण पाण्यांतला आहे. पाण्याची उष्णता २० अंशांच्या खालीं बराच काळ राहिली तर त्यास सोसत नाहीं. निफाडकडील थंडी ज्यांना ठाऊक आहे, त्यांनीं उघड्या हौदांत तो ठेवण्यापूर्वीं हें ध्यानांत घ्यावें. शिवडा या हवेंत जन्मलेला असल्यानें ती अडचण त्याच्याबाबत येत नाहीं.

मासा रोप खात नाहीं, मग उपटतो कां?

हे मासे पाल्यावर जगणारे नव्हेत. रोपाचा नाश होतो तो चार कारणांनीं. पहिलें, अंगाचें वजन. चार-पांच किलोचा मासा दचकून शेपटीचा फटकारा मारतो तेव्हां जी लाट उठते, तिच्यापुढें बोटभर मुळांचें रोप टिकणें शक्यच नाहीं. दुसरें, मिशांनीं तळ चांचपणें व थुंथनीनें वाळू उकरणें; अन्न शोधण्याची त्यांची हीच रीत आहे. तिसरें, लपण्याची जागा. दिवसा आडोसा हवा असतो, तो न मिळाल्यास मासा रोपांच्या ताटव्यांतच अंग घुसवतो. चौथें, गढूळपणा. सारखा तळ ढवळला गेल्यानें पानांवर गाळ बसतो, उजेड पोंचत नाहीं, आणि जें उपटलें नाहीं तें कुजतें.

शिवाय हे मासे निशाचर आहेत. त्यांना मंद उजेड हवा. वनस्पतीस तर उजेडावांचून अन्नच करतां येत नाहीं. म्हणजे दोघांच्या गरजा परस्परविरुद्ध. म्हणून निवड करतांना आपणांस असें झाड शोधलें पाहिजे कीं, जें थोड्या उजेडावर निभावेल, अथवा ज्याचीं पानें पाण्याबाहेर उन्हांत व मुळें तेवढीं पाण्यांत राहतील.

नत्राचा हिशेब

हौदांत हिरवळ असली कीं पाणी आपोआप शुद्ध राहतें, असा एक समज आहे. तो कितपत खरा, हें शेतकऱ्यानें आपल्या खताच्या हिशेबानेंच पाहावें.

चार-पांच किलोच्या माशास आठवड्यास अर्धा किलो मासळी घातली असें धरूं. ताज्या मासळींत शेंकडा सुमारें १८ भाग प्रथिन असतें, म्हणजे ९० ग्रॅम. प्रथिनांत शेंकडा १६ भाग नत्र, म्हणजे १४ ग्रॅमांच्या वर. त्यांपैकीं चौथा हिस्सा माशाच्या अंगीं लागला असें मानलें, तरी सुमारें ११ ग्रॅम नत्र दर आठवड्यास पाण्यांत उतरतें. महिन्याचा आंकडा ४६ ग्रॅमांच्या घरांत जातो. म्हणजेच दर महिन्यास मूठभर, १०० ग्रॅम, युरिया हौदांत टाकल्यासारखें झालें. बहुतेक नत्र माशाच्या कल्ल्यांवाटे अमोनियाच्या रूपानें बाहेर पडतें, आणि अमोनिया हें माशास विषच आहे. पाणी जितकें क्षारयुक्त तितकें तें अधिक जहाल होतें. आपल्या काळ्या जमिनींतील विहिरींचें पाणी बहुधा जड असतें, हें येथें विसरूं नये.

आतां हेंच नत्र किती पाण्यांत पसरतें तें पाहा. चार फूट लांब, दीड फूट रुंद व दीड फूट उंच अशा कांचेच्या पेटींत सुमारें २५५ लिटर पाणी मावतें. तिच्यांत आठवड्याचें ११ ग्रॅम नत्र पडलें तर लिटरमागें ४० मिलिग्रॅमांहून अधिक होतें; मोठा मासा त्यांत जगणेंच अशक्य. पंधरा फूट लांब, दहा फूट रुंद व चार फूट खोल पाण्याचा हौद असेल तर पाणी सुमारें १७,००० लिटर भरतें, आणि तेंच नत्र लिटरमागें एक मिलिग्रॅमाहूनही कमी पडतें. तेव्हां मोठा हौद हा अर्धा उपाय आहे. हौदाची रुंदी माशाच्या पूर्ण वाढीच्या लांबीहून बरीच अधिक असावी, नाहींतर त्यास वळतां येत नाहीं. ज्यांच्यापाशीं एवढा हौद नाहीं, त्यांनीं मोठा शिकारी मासा पाळूंच नये, असें आमचें स्पष्ट मत आहे.

राहिली वनस्पतींची कामगिरी. एक किलो ओल्या पाणवनस्पतींत कोरडा भाग ७० ग्रॅमांच्या आसपास, आणि त्यांत शेंकडा तीन भाग नत्र धरलें तर दोन ग्रॅम झालें. म्हणजे आठवड्याचें ११ ग्रॅम नत्र उचलण्यास दर आठवड्यास पांच किलोंहून अधिक नवी वाढ व्हावी लागेल. महिन्यास एकदोन पानें फोडणारीं शोभेचीं रोपें हें काम काय करणार? यावरून दोन गोष्टी सिद्ध होतात. एक, केवळ हिरवळीवर विसंबून राहतां येत नाहीं. खडीचा वाफा व पाणीपालट हीं हवींतच. दुसरी, शोभेकरितां मंद वाढीचीं आणि खत उचलण्याकरितां जलद वाढीचीं, अशीं दोन प्रकारचीं झाडें निरनिराळ्या जागीं लावलीं पाहिजेत.

निवडीच्या पांच कसोट्या

कोणतेंही रोप विकत घेण्यापूर्वीं हे पांच प्रश्न विचारावे. त्याचें मूळ मातीवांचून दगडास किंवा लांकडास धरून राहतें काय? पान जाड, चिवट आहे काय? मंद उजेडांत तें निभावतें काय? जड पाणी त्यास चालतें काय? आणि शेवटचा प्रश्न, जो सर्वांत महत्त्वाचा: तें चुकून ओढ्यांत गेलें तर माजेल काय? पहिल्या चार प्रश्नांस ‘होय’ व पांचव्यास ‘नाहीं’ असें उत्तर येईल तेंच रोप उत्तम. अशीं रोपें थोडींच आहेत, पण तेवढीं पुरतात.

पाण्याखालीं लावण्याजोगीं

पहिला मान ‘अनुबियास’ या झाडास द्यावा. हें अळवाच्या कुळांतलें, मूळचें पश्चिम आफ्रिकेंतील ओढ्याकांठचें. पान कातड्यासारखें जाड, गर्द हिरवें. याचें आडवें गांठाळ खोड दगडावर सुतळीनें बांधावें. कांहीं महिन्यांत मुळें दगडास घट्ट धरतात व सुतळी कुजून जाते. खोड वाळूंत पुरूं नये, पुरल्यास सडतें. वाढ अत्यंत मंद असते, म्हणून त्यावर शेवाळ चढतें. यासाठीं तें सावलींतच ठेवणें बरें.

दुसरें ‘जावा फर्न’, म्हणजे पाण्यांतील नेचा. हाही दगडास अथवा लांकडास बांधावा. त्याच्या पानाच्या पाठीवर काळसर ठिपके दिसतात ते रोगाचे नव्हेत. ते बीजाणूंचे पुंजके होत. जुन्या पानांवरच बारीक रोपें फुटतात, तीं वेगळीं करून दुसऱ्या दगडास बांधतां येतात. एकदां घेतलेलें रोप असें वर्षानुवर्षें वाढवितां येतें. या दोन्ही झाडांचा मोठा गुण हा कीं, माशानें दगडासकट ढकललीं तरी तीं मरत नाहींत. दगड पुनः जागेवर ठेवला कीं झालें. उन्हाळ्यांत हौदाचें पाणी फार तापतें तेव्हां मात्र हीं दोन्ही खंगतात. म्हणून हौदावर मांडव हवा.

तिसरें व्हॅलिस्नेरिया, लांब रिबिनीसारख्या पात्यांची पाणगवताची जात. ही आपल्याकडे नद्या-तळ्यांत आपोआप येते व जड पाण्यांत खूष असते. उत्तर हिंदुस्थानांत खांडसरीचे कारखानदार असलीं पाणगवतें गुळाच्या राबेवर पसरून साखर पांढरी करीत असत, हें कांहीं वाचकांस ठाऊक असेल. हिचा फुलोराही पाहण्यासारखा. नरफूल देंठापासून सुटून पाण्यावर तरंगत मादीफुलापाशीं जातें. पण मुळें उथळ असल्यानें मोठ्या माशासमोर ती उघड्या तळावर टिकत नाहीं. हौदाच्या एका कडेस विटांचा वीतभर उंच बांध घालून पायरी करावी, तींत माती व वर वाळू भरावी, आणि बांधाच्या आंत ती लावावी. रोपांभोंवतीं माशाच्या डोक्याहून मोठे गोटे मांडावे. मुळें एकदां जमलीं म्हणजे आडवे धुमारे फुटून पायरी भरून जाते.

चौथी क्रायनमची जात. आपल्या नदीकांठीं पांढऱ्या फुलांचा जो कांदा दिसतो त्याच्याच कुळांतील पाण्यांत वाढणाऱ्या कांहीं जाती आहेत. कांदा मोठा, पानें लांब व चिवट. जड मातीच्या कुंडींत कांदा अर्धा वर ठेवून लावावा व कुंडी विटांच्या चौकटींत बसवावी. हिचा रस विषारी असल्यानें ती गुरांच्या तोंडीं जाऊं देऊं नये.

पानें पाण्याबाहेर, मुळें पाण्यांत

खरें काम करणारीं झाडें हीं. त्यांच्या पानांस ऊन व हवा भरपूर मिळते म्हणून वाढ जोरांत होते, आणि मासा पानांपर्यंत पोंचत नाहीं. यांकरितां हौदास लागून सहा फूट लांब, तीन फूट रुंद व दीड फूट खोल असा खडीचा वाफा बांधावा. पंपानें हौदाचें पाणी वाफ्याच्या एका टोंकास सोडावें. तें खडींतून झिरपत दुसऱ्या टोंकानें पुनः हौदांत पडावें. खडीच्या पृष्ठभागावर जंतूंचा थर बसतो. जमिनींत अमोनियाचें नायट्रेट करणारे जे जंतु विनोग्राड्स्की या रशियन शास्त्रज्ञानें सन १८९० च्या सुमारास वेगळे करून दाखविले, त्यांचेच भाऊबंद येथें काम करतात. आधीं अमोनियाचें नायट्राइट, मग नायट्राइटाचें नायट्रेट. हें नायट्रेट माशास पुष्कळ अंशीं निरुपद्रवी आणि झाडास तर अन्नच. जंतूंचा जम बसण्यास चार ते सहा आठवडे लागतात. सबब वाफा आधीं, मासा मागाहून, हा क्रम मोडूं नये. आणि एकदां चालूं केलेला पंप रात्रींही बंद ठेवूं नये, नाहींतर जंतु हवेवांचून मरतात. वीज जाण्याचा संभव असेल तेथें बॅटरीवरील हवेचा पंप हाताशीं असावा.

वाफ्यांत लावण्याचीं झाडें आपल्या परसांतलींच आहेत. कर्दळ सर्वांत जोरकस. सांडपाण्याच्या वाफ्यांतूनही ती उत्तम वाढते. अळू तिच्या खालोखाल. वाळ्याचीं मुळें खोल व दाट जातात, म्हणून तो वाफ्याच्या शेवटच्या टोंकास लावावा. वेखंड ओलसर जागींच आनंदानें वाढतो व कापून विकतांही येतो. पाणकणीस मात्र बंदिस्त वाफ्यांत एकटें असेल तरच लावावें. तें इतरांस दाबून टाकतें. कांचेच्या मोठ्या पेटीवर वाफा बांधतां येत नसेल, तर मनीप्लँटच्या फांद्या कडेला अडकवून मुळें तेवढीं पाण्यांत सोडावींत. पानें पाण्यांत बुडूं देऊं नयेत, तीं कुजतात.

या झाडांची दर पंधरवड्यास छाटणी करणें अगत्याचें आहे. पान हौदाशेजारींच पडून कुजलें तर उचललेलें नत्र पुनः पाण्यांत जातें. छाटलेला पाला उकिरड्यांत गेला, तरच नत्र खऱ्या अर्थानें हौदाबाहेर पडलें.

जीं टाळावींत

बारीक, जाळीदार पानांचीं व गालिच्यासारखीं पसरणारीं रोपें मोठ्या शिकारी माशाच्या हौदांत व्यर्थ होत. त्यांना भरपूर उजेड व स्थिर तळ हवा. येथें दोन्ही नाहींत.

याहून मोठा इशारा तरंगत्या वनस्पतींबद्दल द्यावासा वाटतो. जलपर्णी नत्र उचलण्यांत कोणासही हार जात नाहीं, हें खरें. पण ती दक्षिण अमेरिकेंतून फुलांच्या मोहानेंच आणली गेली, आणि बंगालमध्यें तिनें खाड्या, तळीं व भातखाचरें अशीं व्यापलीं कीं, सन १९३६ मध्यें तिच्या निर्मूलनासाठीं स्वतंत्र कायदा करावा लागला. पवना, इंद्रायणी, पंचगंगा या आपल्या नद्यांची स्थिति वाचक स्वतःच पाहतात. सन २०२० मध्यें केरळांत कोळिकोड जिल्ह्यांतील एका पाणथळ जागेंत गुलाबी फुलांचा सडा पडला व तो पाहण्यास लोकांची रीघ लागली. तें झाड होतें कॅबोंबा, हौदांत लावावयाचें परदेशी रोप. पाहावयास आलेल्यांनीं तीं रोपें घरोघर नेलीं, म्हणजे उपद्रवाचें बींच पेरलें. म्हणून जलपर्णी, मोठा साल्व्हिनिया व कॅबोंबा यांस हौदांत थारा देऊं नये. शेततळ्यापासून निघालेला एक चर पुरेसा असतो, आणि मग सगळ्या गांवास त्याची किंमत मोजावी लागते.

सावलीकरितां तरंगती वनस्पती हवीच असेल तर कुंडींतील कमळ ठेवावें. तेंही अर्ध्याहून अधिक पाणी झांकणार नाहीं इतकेंच असावें. पाण्याचा पृष्ठभाग पूर्ण झांकला तर हवा मिसळत नाहीं; त्यांत रात्रीं वनस्पतीही प्राणवायु खर्च करतात, आणि पहांटे पाण्यांतील प्राणवायु सर्वांत कमी होतो. मागूर वर येऊन हवा घेऊं शकतो. शिवड्यास ती सोय निसर्गानें दिलेली नाहीं. पहांटे तो पाण्याच्या वर तोंड काढून धापा टाकतांना दिसला, तर हिरवळ कमी करून पाणी खळखळतें ठेवावें.

लावतांना घ्यावयाची खबरदारी

हे मासे तोंडांत मावेल तें गिळतात, मग तें अन्न असो वा नसो. दुकानांतून आणलेल्या रोपांच्या बुडास शिशाची पट्टी, रबर किंवा प्लॅस्टिकची टोपली असते. ती प्रथम काढून टाकावी. तळास सुपारीएवढे गोटे घालूं नयेत. एक तर बारीक धुतलेली वाळू असावी, नाहींतर माशाच्या तोंडांत जाणार नाहींत एवढे मोठे दगड असावे. बांधण्यास तार अथवा नायलॉन न वापरतां सुती दोरा किंवा सुतळी वापरावी.

मासा रोपांत घुसूं नये याचा खरा उपाय म्हणजे त्यास दुसरा आडोसा देणें. अंग पूर्ण मावेल एवढा सिमेंटचा रुंद नळ किंवा गुळगुळीत दगडांची कपार हौदाच्या अंधाऱ्या टोंकास ठेवावी. उजेडाच्या टोंकास झाडें, अंधाराच्या टोंकास मासा, अशी वांटणी केली म्हणजे दोघांचें भांडण मिटतें.

शेतांतून किंवा फवारणी झालेल्या बागेतून आणलेलें रोप कधींही सरळ हौदांत टाकूं नये. मोरचूद व बोर्डो मिश्रण माशास घातक आहे, आणि हल्लींचीं सायपरमेथ्रिनसारखीं कीटकनाशकें तर अत्यल्प प्रमाणांतही मासे मारतात. खवले नसलेल्या माशांस औषधें विशेष बाधतात. फवारणीचा पंप हौदांत धुणें, वाऱ्याच्या दिवशीं हौदाशेजारीं फवारणें, या गोष्टी कटाक्षानें टाळाव्या. तळ्यांतून आणलेलीं रोपें दोन-तीन आठवडे निराळ्या टिपांत ठेवून गोगलगायी व त्यांचीं अंडीं वेंचून काढावींत, मगच हौदांत घ्यावींत.

उपसलेलें पाणी

इतकें करूनही दर आठवड्यास हौदाचें कांहीं पाणी पालटणें इष्ट आहे, आणि येथें शेतकरी शहरवासीयापेक्षां सुदैवी ठरतो. शहरांत हें पाणी गटारांत जातें. आपल्याकडे तें केळीच्या, पपईच्या किंवा भाजीच्या वाफ्यास द्यावें. त्यांत नायट्रेट तयारच असतें. वर्षभरांत एक किलोहून अधिक युरियाइतकें नत्र त्या माशाच्या निमित्तानें फिरतें. त्याचा जेवढा भाग झाडांनीं उचलला नाहीं तो असा पदरांत पाडून घ्यावा. मात्र पाण्याचा ओघळ ओढ्यांत जाणार नाहीं अशी काळजी घ्यावी, कारण त्याबरोबर रोपांचे तुकडे व धुमारेही वाहून जातात. छाटलेल्या पाणवनस्पती उन्हांत पूर्ण वाळवून मगच खतांत टाकाव्या.

शेवटचा विचार

या सर्व खटाटोपांत एक प्रश्न मनाशीं आधींच सोडवून ठेवला पाहिजे: मासा हौदांत मावेनासा झाला म्हणजे काय करावयाचें? हौस फिटली कीं परदेशी मासा नदींत सोडून देणारे लोक आपण दयेचें काम केलें असें समजतात. हेंच दक्षिण अमेरिकेंतील ‘सकर’ माशाच्या बाबतींत घडलें, आणि तो आज महाराष्ट्राच्या नद्या-जलाशयांत कोळ्यांचीं जाळीं अडवूं लागला आहे. ज्या पाण्यांत आपला शिवडा आधींच विरळ होत चालला आहे, त्यांत चार फुटांचा नवा शिकारी सोडणें म्हणजे भरल्या खळ्यांत मोकाट जनावर घालणेंच होय. हौदांतून परदेशी मासा बाहेर जावयाचाच असेल, तर तो दुसऱ्या मोठ्या हौदांतच गेला पाहिजे. अशी जागा आधीं शोधून ठेवल्यावांचून पिल्लू घरीं आणूं नये.

तात्पर्य, मोठ्या शिकारी माशास शोभणारी हिरवळ ही बाजारांतील सर्वांत सुंदर रोपांची नव्हे, तर सर्वांत चिवट रोपांची असते. दगडास बांधलेला अनुबियास व नेचा, बांधाआड लावलेलें पाणगवत, आणि शेजारच्या वाफ्यांत डोलणारी कर्दळ व अळू, एवढें असलें म्हणजे पुरे. ज्याच्यापाशीं मोठा हौद, वाहतें पाणी व दहा-पंधरा वर्षें निगा राखण्याची तयारी आहे, त्यानेंच हा नाद करावा. या तिहींतील एकही गोष्ट कमी असेल, तर हौदांत कमळ लावून गप्पी मासे ठेवावे. डांसांचा बंदोबस्त होईल व मनही रमेल.